तुकाईपुढचा उजवा कौल

गावानं मला आजवर हजारो प्रश्न विचारले आणि त्या सगळ्यांना मी उत्तर दिलं, असं गाव म्हणतं. खरं सांगायचं तर मी कधी तोंडच उघडलेलं नाही. दगडाला तोंड कुठून असणार? आज पहिल्यांदा बोलतोय, तेव्हा जरा बसा आणि ऐका.

मी तुकाईच्या देवळातला कौलाचा धोंडा. पालमकडं जाणाऱ्या एसटीतून आमच्या फाट्यावर उतरलात की कडुनिंबाच्या पाराला लागून चुना फासलेलं एक बुटकं देऊळ दिसतं. तिथं देवीच्या पायांपुढं मी बसलेला असतो. भोपळ्याएवढा, गुळगुळीत, बुडाशी थोडा चपटा. मूळचा काळा, पण तेलाकुंकवाचं इतकं पुट चढलंय की तो काळा रंग आता मलाच दिसत नाही.

माझा जन्म गंगेतला. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगाखेडच्या वरच्या अंगाला एका डोहात मी पडून होतो. पाण्यानं ढकलून, घासून मला गोल केलं. माझ्यासारखे तिथं शेकड्यानं होते. एकमेकांना टेकून असायचो, पाणी वाढलं की एकमेकांवर आदळायचो, पुन्हा टेकायचो. एकटं असणं म्हणजे काय, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका उन्हाळ्यात सटवाजी गुरवाचा आजा तिथं अंघोळीला उतरला. त्याचा पाय माझ्यावरून घसरला आणि तो पडता पडता वाचला. देवीनंच वाचवलं म्हणून त्यानं मला उचललं, धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि बैलगाडीत घालून गावाला आणलं. खरं तर मी त्याला पाडत होतो. पण माणसांची समजूत वेगळी असते, आणि एकदा झाली की ती काढणार कोण?

तेव्हापासून मी कौल देतो. रीत सोपी आहे. माणसानं देवीपुढं बसायचं, दोन्ही तळवे माझ्यावर अलगद ठेवायचे आणि काय ते विचारायचं. मी उजवीकडं कललो तर देवी हो म्हणाली, डावीकडं कललो तर नाही म्हणाली. हललोच नाही तर पुढच्या मंगळवारी या. म्हैस घेऊ का, पोरगी त्या घरी देऊ का, विहीर इथंच खणू का. एवढं सगळं एका धोंड्याच्या डोक्यावर.

देवळात शेणानं सारवलेली जमीन होती, तोवर माझं बरं चाललं होतं. सारवणाचा आज इथं उंचवटा, उद्या तिथं खड्डा. त्यामुळं मी कधी इकडं जायचो, कधी तिकडं. नाही आलं तर माणसं हात जोडायची, "बाईची मर्जी," म्हणायची आणि मुकाट घरी जायची. मला काहीच कळत नव्हतं आणि काही कळायला पाहिजे असंही वाटत नव्हतं.

मग अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात गावानं देवळात शहाबादी फरशी घालायचं ठरवलं.

चौदा गावांत फरशीचं काम जाणणारा एकच गवंडी होता. तात्याराव. आमच्याच गावचा, बौद्धवाड्यातला, छप्पन साली धम्म घेतलेल्या घरातला. एरवी त्याला देवळाच्या पायरीवर कुणी बसू दिलं नसतं. पण काम अडलं की गावाला सगळं चालतं. बारा दिवस तो आत होता. ओळंबा, गुण्या, दोरी, आणि तोंडात एक गाणं, तेही अर्धंच. मला उचलून त्यानं कोनाड्यात ठेवलं होतं. माझ्यापुढं हात न जोडता मला उचलणारा तो पहिला माणूस. उचलणं मात्र असं, की कुठं टवका उडायला नको.

"तात्या, फरशी सपाट बसव बरं का," सटवाजी गुरव दारातून म्हणाला. "देवीचं काम हाय."

"सपाट बसविली तर पाणी थांबंल, गुरवबाबा," तात्याराव म्हणाला. "पाणी थांबलं की शेवाळ धरतंय, मग बाया घसरून पडत्यात. मोरी उजव्या अंगाला हाय, तिकडं दर हाताला दोन सूत, पाव इंच, उतार देतो. दिसायचाबी न्हाई."

"तुला कळतंय ते कर," गुरव म्हणाला.

तेराव्या दिवशी गोमूत्र शिंपडलं, देवीला नवं लुगडं नेसवलं आणि मला पुन्हा जागेवर बसवलं. ज्या फरशीवर तात्याराव बारा दिवस गुडघ्यांवर रांगला, तिच्यावर पाय ठेवायला त्याला त्या दिवसापासून बंदी झाली. त्यानं बाहेरूनच मान वाकडी करून कामावर एक नजर टाकली, थापी पिशवीत घातली आणि गेला.

आणि त्या दिवसापासून मी हो म्हणायला लागलो.

कुणी काहीही विचारावं, तळव्यांचा जरा भार आला की माझं बूड उजवीकडं घसरायचं. म्हैस घेऊ का? हो. म्हैस विकू का? हो. दोन सख्ख्या जावा एकाच दिवशी आल्या. एकीनं विचारलं, वेगळं राहू का? दुसरीनं विचारलं, एकत्र राहू का? दोघींना हो. दोघी खुशीत घरी गेल्या आणि पुढं वर्षभर भांडत बसल्या. सटवाजी गुरवाचा आनंद गगनात मावेना. "बाई जागी झाली," म्हणून तो सगळीकडं सांगत सुटला. नवरात्रात पालमहून गाड्या भरभरून माणसं यायला लागली. हो ऐकायला कुणाला आवडत नाही?

मी मात्र आतून गार पडलो होतो. देवी नुसती माझ्याकडं बघायची. तिनं मला कधी काही सांगितलं नाही, की हे असं कर, तसं करू नको.

त्याच साली श्रावणात विद्यापीठाचं नाव बदलण्यावरून मराठवाडा पेटला. एका दुपारी आबासाहेब आणि त्यांच्याबरोबर पाचसहा जण देवळात आले. आबासाहेब म्हणजे गावातले मोठे जमीनदार. ते माझ्यापुढं बसले आणि त्यांनी तळवे ठेवले. त्यांच्या हातांना रॉकेलचा वास येत होता. देवीच्या समईत गोडं तेल असतं, त्यामुळं तो वास माझ्या ओळखीचा नव्हता.

"बाई, जाऊ का?" एवढंच विचारलं.

मी उजवीकडं कललो.

बौद्धवाड्यातली चार घरं जळाली. त्यातलं एक तात्यारावचं. त्याची बायको सगुणाबाई अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी दोघं पालमला निघून गेले. देवीचा हुकूम होता, असं चार लोक पारावर बसून बोलले. ते मला ऐकू आलं. तेव्हापासून कुणाचे तळवे जवळ आले की मला नको वाटायचं. पण धोंडा पळून कुठं जाणार?

पुढच्या साली कस्तुराबाई आली.

लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. नवरा बन्सीधर निजामाबादकडं कामाला जातो म्हणून गेला, पोळ्याला येतो म्हणाला. पोळा गेला, दिवाळी गेली. मग कुणी तरी सांगत आलं की त्यानं तिकडं दुसरं घर केलंय. इकडं घरात राहिल्या दोघी. कस्तुराबाई आणि तिची सासू नर्मदाबाई. म्हातारीचे डोळे गेलेले होते. जीभ मात्र धडधाकट होती.

कस्तुराबाईचा थोरला भाऊ किशनराव पेडगावाहून तिला न्यायला आला होता. त्यानं तिच्यासाठी एक ठिकाणही बघून ठेवलं होतं. माणूस शेतीवाडीचा होता, बायको वारलेली होती. बोचकं काखेत मारून तो देवळाच्या दाराशी उभा राहिला.

"कस्तुरा, आवर. साडेचारची गाडी हाय."

"दादा, जरा थांब. बाईला इचारते."

"त्याच्यात काय इचारायचं? लेकानं आईला टाकलं. तू कुणासाठी ऱ्हायलीस?"

ती आत आली, पदर सावरून बसली आणि तळवे माझ्यावर ठेवले. तिच्या हातांना ज्वारीच्या पिठाचा वास होता.

"बाई, ऱ्हाऊ का?"

मला वाटलं, पोरी, असं नको विचारू. जाऊ का म्हणून विचार. पण माझं वाटणं कोण ऐकतो? मी उजवीकडं कललो.

"काय म्हणली?" किशनरावानं विचारलं.

"ऱ्हाय म्हणली."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की हातात असतं तर उचलून गंगेत फेकलं असतं. फेकलं असतं तर बरं झालं असतं. बोचकं तिच्या हातात देऊन तो एकटाच साडेचारच्या गाडीनं गेला.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी यायची. देवळाची झाडलोट तिनं आपणहून अंगावर घेतली. मंगळवारी आणि शुक्रवारी सगळी फरशी धुवायची. बादलीनं पाणी ओतायचं, खराटा मारायचा. माझ्या अंगावरचं शिळं कुंकू ती नखानं काढायची. तिच्याआधी ते कुणी केलं नव्हतं, सगळे आपले वरनं चढवतच गेले. काम झालं की देवीपुढं बराच वेळ हात जोडून उभी राहायची. आणि निघताना माझ्यावर तळवे ठेवून तेच एक विचारायची.

"बाई, ऱ्हाऊ का?"

हो. हो. हो. दुसरं मी काय म्हणणार?

कधी कधी झाडता झाडता बोलायची. माझ्याशी की देवीशी, ते कळायचं नाही. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "आज आत्याबाईनं ताट भिरकावलं. भाकर कडक हाय म्हणल्या." दुसऱ्या दिवशी, "आज म्हणल्या, तूच घालवलंस माज्या लेकाला." एकदा म्हणाली, "आज काहीच बोलल्या न्हाईत. ते लय वाईट असतंय." भाकरी दुधात कुस्करून म्हातारीला भरवायची, न्हाऊ घालायची, हात धरून परसात न्यायची. शेत बटईनं दिलेलं होतं. सणावाराला कुणी तिला बोलवत नव्हतं. नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणून बाया ओटी भरताना तिला पुढं येऊ द्यायच्या नाहीत. सगळ्या गेल्या की ती येऊन त्यांनी सांडलेले तांदूळ झाडून काढायची.

मला तिचा लळा लागला. दगडाला लळा लागतो का, असं तुम्ही विचाराल. एकाच माणसाचे तळवे रोज अंगावर पडले तर तुम्हालाही लागेल. आणि जितका लळा लागला तितका मी कुढत गेलो. हिचं आयुष्य मी कुजवतोय. देवी नाही, म्हातारी नाही, मी. तात्यारावच्या दोन सूत उतारावर बसून मी एका बाईला तेरा वर्षं राहा राहा म्हणत आलो. तिच्या कानशिलावर पांढरे केस आले. तळव्यांना भेगा पडल्या, त्या मला टोचायच्या. एकदा तरी उलटं विचार, बाई. एकदा म्हण जाऊ का. मी लगेच हो म्हणतो, तुझी शपथ.

तिनं कधी तसं विचारलं नाही. अजून एक गोष्ट मला फार उशिरा ध्यानात आली. बन्सीधर परत येऊ दे, असं ती देवीला एकदाही म्हणाली नव्हती.

ब्याण्णव साल उजाडलं. देवळाची मोरी बाहेरून तुंबली. सटवाजी गुरव आता काठी टेकत चालत होता. त्यानं निरोप धाडून तात्यारावला बोलावून घेतलं. तो चारेक वर्षांपूर्वी पालमहून परत येऊन बौद्धवाड्यात पुन्हा घर बांधून राहिला होता. डोकं पांढरं झालेलं, हात मात्र तेच. तो भिंतीच्या बाहेरच्या अंगाला मोरी उकरत बसला. मधेच पाणी मागायला म्हणून पुढच्या पायरीशी आला, आणि तेवढ्यात कस्तुराबाई सासूचा हात धरून देवळात शिरली.

नर्मदाबाई लेक गेल्यापासून देवीवर रुसलेली होती. एवढ्या वर्षांत ती देवळात आली नव्हती. आदल्या दिवशी किशनराव येऊन गेला होता. त्याच्या लेकीचं बाळंतपण होतं, घरात बाईमाणूस पाहिजे, आता तरी चल, असं तो बहिणीला म्हणाला होता. म्हातारीनं ते आतल्या खोलीतून ऐकलं. रात्रीची भाकरी तिनं भिरकावली नाही, तशीच ठेवली. आणि सकाळी म्हणाली, मला देवळात ने.

"कुठाय गं धोंडा? हात ठेव माजे त्याच्यावर."

कस्तुराबाईनं तिचे हात माझ्यावर ठेवले. इतके हलके हात माझ्यावर कधी पडले नव्हते. म्हातारी मोठ्यानं म्हणाली,

"बाई, ही मला टाकून जाईल का?"

काय सांगू तुम्हाला. तेरा वर्षं मी हो म्हणून म्हणून हिला इथं अडकवलं, आणि आता त्याच 'हो'नं मी त्या म्हातारीचा जीव घेणार होतो. जागच्या जागी रुतून बसावं म्हणून मी धडपडलो. दगडाची धडपड ती काय असणार. फरशी मला घेऊन निघाली.

"कुणीकडं गेला गं?" म्हातारीचा आवाज बारीक झाला. "उजवीकडं गेल्यावानी वाटतंय."

"अजून कुटं गेला, आत्याबाई. डुलायलाय नुसता. धीर धरा."

असं म्हणून कस्तुराबाईनं आपले भेगाळलेले तळवे सासूच्या हातांवर ठेवले आणि जोर लावून मला डावीकडं ढकललं. चढावर. आणि तसंच धरून ठेवलं.

"बगा. डावीकडं गेला. न्हाई म्हणली बाई."

ती फरशी घातल्यापासून मी पहिल्यांदा नाही म्हणालो. माझं बूड ज्या जागी कधी टेकलं नव्हतं, ती जागा गार होती.

नर्मदाबाईनं हात चाचपत पुढं केला. सुनेचा चेहरा शोधत होती बहुतेक, पण हात डोक्यावर पडला आणि तिथंच राहिला. त्या हातानं कुणाला आशीर्वाद दिल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. थोड्या वेळानं हात काढून घेतला.

"चल घरी. भाकर मऊ कर आज."

कस्तुराबाईनं तिला पारावर बसवलं आणि देवीपुढं राहिलेला पाण्याचा तांब्या न्यायला परत आली. पायरीशी तात्याराव उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं.

"बाई, तुमी धोंडा ढकलला."

"ढकलला."

"देवीचं भ्या न्हाई वाटलं?"

"तुमी कवापासून देवीची फिकीर करायलात, तात्यादादा? तुमी तर मानत न्हाई."

"मी न्हाई मानत. तुमी मानता म्हणून इचारलं." तो मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक सांगायचं व्हतं. लय दिवसांपासून मनात हाय. हा धोंडा कायम उजवीकडंच जातोय. कुणीबी इचारू द्या, कायबी इचारू द्या. फरशीला उतार हाय, तो मीच दिलाय. पाण्यासाठी दिला व्हता. तुमी रोज इचारता आन हितं ऱ्हाता, हे मला कळलं तवापासून झोप न्हाई. पण सांगणार कसं? बौद्धवाड्यातल्या माणसानं म्हणायचं, तुमच्या देवीचा कौल खोटा? एकदा घर जळालं तेवढं बास झालं."

मला वाटलं, आता ही खाली बसेल, रडेल, मला लाथ मारेल. मारावी, माझी काही हरकत नव्हती.

"मला म्हाईत हाय," कस्तुराबाई म्हणाली.

"काय म्हाईत हाय?"

"मंगळवारी आन शुक्कीरवारी ही फरशी मीच धुते. पाणी कुणीकडं जातंय ते दिसतंय की मला. आंधळ्या आत्याबाई हायेत, मी न्हाई."

तात्याराव तिच्याकडं बघतच राहिला. मीही. तेरा वर्षं मी जिच्यासाठी कुढत होतो, तिला पहिल्या आठवड्यातच सगळं कळलं होतं.

"मग रोज कामून इचारता?"

तिनं तांब्या पदरानं पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिली.

"घरात दिवसभर न्हाई न्हाईच ऐकायला मिळतंय. ही भाकर न्हाई, तू बरी न्हाई, काय जमत न्हाई. गावात कुणी बोलत न्हाई. सकाळी एकदा कुणी तरी व्हय म्हणलं की दिवस निघतोय माजा." मग ती देवीकडं बघून म्हणाली, "आन ऱ्हायचं ते आधीच ठरलं व्हतं. आंधळ्या माणसाला टाकून जा, असं बाईनं सांगितलं असतं व्हय? तिचा हुकूम मला कळला व्हता. त्याला धोंडा कशाला पाहिजे?"

तात्याराव पायरीच्या कडेला टेकला. "आबासाहेबालाबी ह्यो व्हयच म्हणला व्हता. माज्याच उतारानं माजं घर जाळलं, असं वाटतंय मला कदी कदी."

"तुमच्या उतारानं न्हाई," ती म्हणाली. "रॉकेलचे डबे ह्या पाराशी ठेवून मग आत आले व्हते ते. घरूनच ठरवून आले व्हते. मी पाणी घेऊन चालले व्हते, मी बघितलं. नवी सून व्हते, तोंड उघडलं न्हाई. ते माज्या माथ्यावर हाय, तात्यादादा. बाईपुढं रोज हात जोडते ते त्याच्यासाठीबी."

तिनं तांब्या भरून आणला आणि त्याच्या हातात दिला. वरून ओतला नाही, हातात दिला. तो सगळं पाणी प्यायला.

"आत येऊन बगा की तुमची फरशी," ती म्हणाली.

"नगं. ज्या दिवशी हितं कुणी कुणाला आत या म्हणायची गरज पडणार न्हाई, त्या दिवशी बगू." एवढं बोलून तो उठला आणि मोरी उकरायला भिंतीमागं गेला.

त्या बोलण्यानं माझ्यावरचं अर्धं ओझं उतरलं. अर्धं अजून आहे. डबे बाहेर होते हे खरं, पण आत मी कललो हेही खरंच.

पुढं पौषात नर्मदाबाई गेली. बन्सीधरला पत्र धाडलं होतं, तो आला नाही. कस्तुराबाईनं वर्षभर सगळं रीतीनं केलं. दिवस घातले, वर्षश्राद्ध केलं. त्या वर्षात ती रोज यायची, झाडायची, धुवायची, पण मला काही विचारायची नाही. नुसते तळवे ठेवून बसायची. मी तेव्हाही उजवीकडंच कलायचो. ती हसायची आणि मला सरळ करायची.

चौऱ्याण्णवची संक्रांत आली. त्या दिवशी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. बौद्धवाड्यात हलगी वाजत होती आणि निळे झेंडे लागले होते, असं देवळात आलेल्या बाया हलक्या आवाजात बोलत होत्या. दुपारी देऊळ रिकामं झालं. किशनराव दाराशी येऊन उभा राहिला. त्याचेही केस पिकले होते. या खेपेला त्यानं गाडीची वेळ सांगितली नाही.

शुक्रवार होता, सकाळी एकदा धुतलेली सगळी फरशी कस्तुराबाईनं पुन्हा धुतली. पाणी उजवीकडून मोरीत गेलं. मग ती पदर सावरून माझ्यापुढं बसली, पहिल्या दिवशी बसली होती तशीच, आणि तळवे ठेवले.

"बाई, आता जाऊ का?"

चौदा वर्षं ज्याची वाट बघितली, ते तिनं विचारलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, नको विचारू. राहा. पण मी कललो. तुम्ही म्हणाल, उतारामुळं. असू द्या. फरशी सपाट असती, चढाची असती, तरी त्या दिवशी मी उजवीकडंच गेलो असतो.

"काय म्हणली?" किशनरावानं दारातून विचारलं.

"जा म्हणली," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिनं माझ्यावरचं शिळं कुंकू नखानं काढलं, नवं लावलं, देवीला नमस्कार केला आणि गेली.

आता मी आहे तिथंच आहे. नवरात्रात गर्दी असते. एरवी उंदीर आणि मी. आठवड्याला कुणी तरी एक बादली ओतून जातं, खराट्याशिवाय. कुंकवाचं पुट पुन्हा वाढलंय. सकाळी कडुनिंबाखाली पावलं वाजली की मी अजून कान देतो, आणि पावलं पुढं निघून जातात. देवी तशीच बघते. पण ती गेल्यापासून मला वाटायला लागलंय, देवीनं सांगायचं ते ज्याला त्याला घरीच सांगून झालेलं असतं. माझ्याकडं माणसं येतात ती फक्त कुणी हो म्हणावं म्हणून.

तुम्हीही याल कधी. माझी एवढीच विनंती आहे, बाहेर पाराशी काय ठेवून आत येताय ते आधी एकदा बघा. मग बसा, तळवे ठेवा, विचारा. मी अडवणार नाही, मला ते जमत नाही.

आणि पेडगावकडं गेलात, तर कस्तुराबाईला एक निरोप द्या. म्हणावं, कधी इकडं आलीस आणि पुन्हा "ऱ्हाऊ का" म्हणून विचारलंस, तर धोंडा हो म्हणेल. त्याला दुसरं काही येत नाही.